कानाआड

तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा ती बाहेरच्या खोलीत सोफ्यावर नुसती पडली होती. रविवारची दुपार. झोप लागत नव्हती आणि उठायचं म्हटलं तर अंगात त्राण नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस इस्पितळात लोकांचे कान तपासल्यावर सातव्या दिवशी तिला कुठलाच आवाज नको असायचा. पंखासुद्धा बंद करून ती पडायची. खिडकीपाशी टेबलावर नवरा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता. आणि त्या सामसुमीत कुणीतरी नखाने काच वाजवावी तसं झालं. टिक्. थोडं थांबून पुन्हा, टिक् टिक्. त्यामागे एक बारीक, लांबवलेली शीळ. सेकंदाला चार हजार कंपनं, फार तर साडेचार, तिने मनातल्या मनात आकडा लावला आणि स्वतःवरच वैतागली. बावीस वर्षांची खोड. कुकरची शिट्टी झाली, कुठे दाराची बिजागरी कुरकुरली, की आधी आकडा यायचा आणि मग वस्तू. आवाज आवडला की नावडला हे तर कधीच यायचं नाही. ते कधीतरी मागेच गळून पडलं होतं.

"लॅपटॉप वाजतोय तुझा," ती पडल्या पडल्याच म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

"डिस्क असेल. बघून घे एकदा."

"हो, हो."

तिने डोळे मिटले. आपण सांगायचं ते सांगितलं. पुढचं तो आणि त्याचा लॅपटॉप.

नवरा नकाशे काढायचा. शहराच्या जुन्या भागात जमिनीखाली पाण्याचे जे नळ पुरलेले होते, कुठे शंभर वर्षांपूर्वीचे, कुठे परवाचे, त्यांचे सगळ्यांचे मिळून एकत्र नकाशे करायचं काम त्याला मिळालं होतं. आठ महिने तो त्यातच होता. निळ्या रेघा, तांबड्या रेघा, मध्येच एखादी तुटक रेघ, म्हणजे इथे नळ असावा असं कागद सांगतो पण खणून कुणी पाहिलेलं नाही. पूर्वी तो एका मोठ्या कचेरीत होता. चाळीस माणसं, चाळीस टेबलं. तीन वर्षांपूर्वी एके दिवशी येऊन म्हणाला, सोडली नोकरी, आता घरूनच करेन. रोजच्या बैठका नकोत आणि साहेबाची कटकट नको. तिने फार खोदून विचारलं नव्हतं. पन्नाशीला आली की माणसं अशी आत आत जातात असं तिच्या थोरल्या बहिणीचं म्हणणं होतं. ताईचा नवराही तसाच झाला होता, दिवसभर झाडांना पाणी घालत बसायचा. आपला नवरा नळांचे नकाशे काढतो. एकूण एकच.

तरी हाच माणूस. लग्नानंतर ती दोघं एका खोलीत राहायची तेव्हा शेजारचा शिंपी भिंतीवर कात्री आपटायचा, इतकं हा बोलायचा. बोलायचा आणि बोलायला लावायचा. ती कामावरून आली की आज कोण आलं होतं, कुणी काय म्हटलं, सगळं बैजवार काढून घ्यायचा. आणि आता? मुलगी दुसऱ्या गावी शिकायला होती. तिचा फोन आला की तो दोन शब्द बोलून फोन पुढे करायचा, "घे, आईशी बोल." मागच्या सुट्टीत मुलीने एकदा हळूच विचारलं होतं, आई, बाबा माझ्यावर रागावलेत का गं? ती म्हणाली होती, छे, तुझ्यावर कशाला रागावतील, त्यांचा स्वभावच झालाय तसा. आणि मग उरलेला दिवस तिच्या मनात तेच घोळत राहिलं होतं. मुलीवर नसेल तर राग नक्की कुणावर?

सोमवारी आवाज वाढला. मंगळवारी ती स्वयंपाकघरात होती तरी तिला तो ऐकू आला. कणीक मळताना हाताची लय त्या टिकटिकीबरोबर जायला लागली तेव्हा ती ओरडली, "अरे, बंद कर ते, नाहीतर दुकानात तरी ने!" बाहेरून "हो" आलं. बुधवारी ती पेपर वाचता वाचता म्हणाली, हे काही चांगलं लक्षण नाही, डिस्क जाणार आहे तुझी. "हो ना," तो म्हणाला आणि एक निळी रेघ ओढली. गुरुवारी ती काहीच बोलली नाही. त्या दिवशी इस्पितळात चोवीस जण झाले होते. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगायचं, तेच चोवीस वेळा, आणि वर प्रत्येकाचं "काय? काय म्हणालात?" घरी येईपर्यंत तिचा घसा खरवडून निघालेला असायचा. तिने चपला काढल्या, टिकटिक ऐकली, आणि हा मुद्दामच करतोय असं तिच्या मनात स्पष्ट वाक्यात आलं. मला चिडलेली बघायचंय याला. मग ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. दारातूनही ते येतच होतं, आता तर मध्येच एक घरघर, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत होते तशी.

शुक्रवारी ती कामावरून आली तर घर गप्प होतं. तो टेबलाशी बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून. लॅपटॉपचा पडदा काळा.

"गेला," तो म्हणाला.

"सगळं?"

तिने हे त्याच्या समोर उभं राहून विचारलं होतं. तो म्हणाला, "मार्चपर्यंतची प्रत आहे वेगळ्या डिस्कवर. ती भरली. नवी घेऊ घेऊ म्हणत राहिलो. पुढचं सगळं यात."

मार्चनंतरचं म्हणजे पाच महिने. तिला संताप चढत आला. "रविवारपासून कानीकपाळी ओरडतेय मी! रोज सांगतेय. वाजतोय, वाजतोय, दाखव कुणाला तरी. भिंतीशी बोलत होते का मी?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू म्हणाली होतीस?"

तिने ताटं वाढली. दोघं जेवली. त्याने घास कमी घेतले एवढं तिच्या लक्षात आलं, पण कीव करायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

शनिवारी तिने रजा टाकली आणि ती दोघं दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या वायरी, खोक्यांत उघडी पडलेली यंत्रं, आणि मधोमध एक लठ्ठ, घामेजलेला माणूस, ज्याला गल्लीतले सगळे मामा म्हणत. मामाने लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, पत्त्यांच्या डबीएवढी डिस्क बाहेर ओढली आणि आपल्या यंत्राला जोडली. टिक्. टिक् टिक् घर्रर्र.

"अरारारा," मामा म्हणाला, दात दुखणाऱ्या माणसाकडे बघावं तसा तिच्याकडे बघत. त्याने यंत्र बंद केलं आणि खाली वाकून खोक्यात काहीतरी शोधत विचारलं, "किती दिवस वाजतीय ही?"

"हो," नवरा म्हणाला.

"हो काय, साहेब? दिवस किती?"

"रविवारपासून," ती म्हणाली.

"आणि तुम्ही चालवत राहिलात! बाई, ही आत गोल फिरती तबकडी असते, तिच्यावरून एक सुई फिरते. सुई सरकली की असं वाजायला लागतं. वाजलं रे वाजलं की बंद करायचं, बस्स. जितकं चालवाल तितकं खरवडतं." मामाने नवी वायर डिस्कला जोडली आणि डिस्क उचलून सरळ नवऱ्याच्या कानाशी नेली. "हे ऐका. ऐकू येतंय ना कसं खरवडतंय?"

नवऱ्याने कान जरा पुढे केला. भुवया आकसल्या, ओठ किंचित दाबले आणि गंभीरपणे मान हलवली. दोनदा.

मामाने अजून बटण दाबलंच नव्हतं.

"थांबा, थांबा, चालूच नाही केली," मामा हसला, आणि मग बटण दाबलं. टिक् टिक् टिक्. नवऱ्याने पुन्हा मान हलवली. तश्शीच. तेवढीच. दोनदा.

मामाला त्यात काही वाटलं नाही. त्याच्या दुकानात रोज माणसं न कळलेल्या गोष्टींवर माना हलवत असणार. पण तिला ती मान ओळखीची होती. आई ओळखावी, स्वतःचा हात ओळखावा, तशी. काचेच्या खोलीत दोन प्रकारची खोटी माणसं यायची. एक, ज्यांना ऐकू येत असतं आणि येत नाही म्हणतात. कुणाला भरपाई हवी असते, कुणाला रजा. दुसरी, ज्यांना येत नसतं आणि येतंय म्हणतात. ही दुसरी माणसं तिच्या हाताकडे बघत, खांद्याकडे बघत, मधल्या वेळाचा अंदाज बांधत, आणि आवाज जिथे असायला हवा तिथे, किंवा त्याच्या जरा आधीच, बटण दाबत. त्यांच्या तोंडावर हाच गांभीर्याचा भाव असे. तिला त्यांचा राग यायचा नाही, फक्त वेळ जायचा. दोन मिनिटं नुसतंच शांत बसून बघायचं. आवाज सोडायचाच नाही. ती बटण दाबतच राहत.

मामा सांगत होता, वचन देत नाही, पण ओळखीचा एक माणूस आहे, फक्त डिस्क उघडायचंच काम करतो, त्याच्याकडे पाठवतो, निघेल तेवढं निघेल. ती ऐकत होती आणि ऐकत नव्हती. चार हजार कंपनांच्या वरचं याचं सगळं गेलंय. कदाचित दोन हजारांच्याच वरचं. म्हणजे शीळ गेली, टिकटिक गेली, घंटी गेली. आणि बोलण्यातला स गेला, श गेला, त, ट, क, फ हे सगळे कोरडे, धारदार वर्ण गेले; राहिले नुसते स्वर, पाण्याखालून बोलल्यासारखे. मुलीचा आवाज बारीक. फोनवर तर त्यातलं काहीच पोचत नसणार. चाळीस टेबलांच्या त्या कचेरीत, बैठकीत, टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून साहेब काही विचारतोय आणि हा मान हलवतोय. दोनदा.

दुकानाबाहेर तो पुढे आणि ती दोन पावलं मागे. "थांब," ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात, पन्नास डेसिबल. तो चालत राहिला. "थांब ना." साठ. रस्त्यावर फारशी रहदारी नव्हती. समोरून येणाऱ्या एका पोस्टमननेच तेवढं दचकून तिच्याकडे पाहिलं. तिने पळत जाऊन नवऱ्याची बाही धरली आणि ती त्याच्या समोर उभी राहिली.

"किती वर्षं?"

तो तिच्या डोळ्यांत बघत नव्हता, ओठांकडे बघत होता. आत्ता कळल्यावर ते इतकं उघड होतं. काय किती वर्षं, असं त्याला म्हणता आलं असतं. तो बंद असलेल्या एका दुकानाच्या पायरीवर बसला.

"चार," तो म्हणाला. "साडेचार असतील."

"आणि मला सांगितलं नाहीस. मला!" तिचा आवाज फाटला. "अरे, सबंध गावाचे कान बघते मी."

"म्हणून तर." तो चपलेच्या टोकाने एक खडा इकडून तिकडे करत होता. "तू यायचीस तेव्हा तुझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. एकदा म्हणालीस, आता घरातसुद्धा कुणी 'काय?' म्हटलं ना तर मला रडू येईल. आठवतंय? तेव्हा मला नीट यायचं ऐकायला. पुढे यायचं बंद झालं, तेव्हा ठरवलं, काय म्हणायचं नाही. हो म्हणायचं." मग त्याने पुस्ती जोडली, "बहुतेक ठिकाणी हो चालून जातं."

तिला आठवत नव्हतं. असं म्हटलं असेल आपण, नक्कीच म्हटलं असेल, असल्या दिवसांना तोटा नव्हता.

ती त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. समोर एक बाई गॅलरीत चादरी झटकत होती. दोन वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ त्या क्षणी तिच्यासमोर अशी येऊन बसली की जणू पायरीवर तिसरी जागा तिच्यासाठीच ठेवली होती. स्वयंपाकघर. नळ सोडलेला. ती भांडी विसळत होती आणि तो मागे दारात उभा होता, पाणी प्यायला आलेला. तिने तोंड न वळवता म्हटलं होतं, मी ताईकडे जाऊन राहावं म्हणते. दोनचार दिवस नाही. कायमची. इथे मी असले काय, नसले काय. वाक्य तिने आठ दिवस जुळवलेलं होतं. आणि मागून आलं होतं, "हो." एवढंच. पेला ठेवल्याचा आवाज, आणि गेलेली पावलं. तिने बॅग भरली, कपाटावर ठेवली, आणि आठवड्याने पुन्हा खाली काढली. प्रेमाने नव्हे. रिक्षा बोलवा, ताईला सगळं समजावून सांगा, मुलीला सांगा, एवढं कोण करणार? पण ते हो तिने टाकलं नव्हतं. त्या हो-शेजारी ती झोपत होती, त्या हो-चे शर्ट इस्त्री करत होती. दोन वर्षं घरात जे काही गार पडत गेलं त्याच्या तळाशी ते एक अक्षर होतं. आणि ते मुळात नव्हतंच. नळाच्या आवाजात एका माणसाने अंदाजाने बटण दाबलं होतं.

हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. कारण ते हो खोटं, तर बाकीचीही खोटीच. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ती अंधारात त्याच्याशी बोलायची, आईने शेवटी मला ओळखलं नाही रे, आणि शेजारून हलकेच हो यायचं, आणि त्यावर ती झोपायची. तेही गेलं. एका वजाबाकीत दोन्ही गेलं. सगळं पुन्हा मांडायला घ्यायचं म्हणजे किती काम, या विचारानेच तिचे खांदे दुखायला लागले.

"माझं काय काय हुकलं?" त्याने विचारलं.

"फार काही नाही," ती गॅलरीतल्या चादरीकडे बघत म्हणाली. मग लक्षात आलं की ती रस्त्याकडे तोंड करून बोलली होती आणि तो अजून उत्तराची वाट बघत होता. सोपं होतं. पुन्हा म्हणायचं फक्त. फार काही नाही. तिने तोंड त्याच्याकडे वळवलं.

"दोन वर्षांपूर्वी मी तुला म्हटलं होतं, मी तुला सोडून जाते. तू हो म्हणालास."

त्याची नजर तिच्या ओठांवर शेवटच्या शब्दापर्यंत होती, आणि ते थांबल्यावरही तिथेच राहिली.

"काय?" तो म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, कामावर सांगते तसं. या वेळी तिला दिसलं की पहिल्या वेळीही त्याला कळलं होतं. त्याने दोन्ही तळहात चेहऱ्यावर घासले. वरच्या बाईच्या चादरी संपल्या.

"मग गेली का नाहीस?"

"कंटाळा आला," ती म्हणाली.

तो हसला. नाइलाजाने, नाकातून, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तिलाही हसू आलं, पण ते तोंडापर्यंत यायच्या आतच दमलं. ती दोघं तशीच बसून राहिली. उठायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं. अखेर दुकानाचा मालक कुलूप काढायला आला तेव्हा उठली.

सोमवारी मामाचा फोन आला. "तू घे," नवरा म्हणाला, "मला फोनवर नाही कळत." हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला की तिने फोन घ्यायला क्षणभर उशीर केला. मामा म्हणाला, बरंचसं निघालंय, पण जून सबंध गेला, आणि जुलैचं अर्धंमुर्धं. तिने ते त्याला समोर बसून सांगितलं. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. "जून म्हणजे नदीकाठचा भाग," तो म्हणाला. "तो पुन्हा काढतो. तिथे तसाही घोळ होता." त्या रात्री मुलीला तिने फोनवर सगळं सांगितलं. पलीकडे मुलगी रडली, आणि मग म्हणाली, बाबांना सांग, मी लिहून पाठवते सगळं. पहिलं पत्र चार पानी आलं.

मंगळवारी ती त्याला इस्पितळात घेऊन गेली. तपासणी तिने करायची नाही हे त्यानेच सांगितलं होतं. तिच्याबरोबर काम करणारी दुसरी तंत्रज्ञ म्हणाली, "मी घेते यांना आत, तू बाहेर बस." त्यामुळे ती बाहेर बसली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. व्हरांड्यातला तो लाकडी बाक इतका अरुंद आहे आणि त्याची पाठ इतकी सरळ आहे हे तिला माहीत नव्हतं. दारावरचा तांबडा दिवा लागला होता. आत आता नवरा असेल, हेडफोन चढवून, आणि त्याला वाटत असेल की प्रत्येक गप्प क्षण म्हणजे आपली चूक.

शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. तिने विचारलं, "तुमचं कोण आत?"

"नवरा," ती पुटपुटली.

म्हातारीने कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

ती पूर्ण वळली, तोंड म्हातारीच्या समोर आणलं आणि म्हणाली, "माझा नवरा." सबंध व्हरांड्याने वळून पाहिलं, इतक्या मोठ्याने.

"असं होय," म्हातारी म्हणाली. "मग काळजी करू नका. मागच्या वर्षी मी आले होते. आत जी बाई असते ना, ती घाई करत नाही माणसाला. माझं तर चारचारदा चुकलं. काही बोलली नाही, नुसती थांबून राहिली."

मागच्या वर्षीची म्हातारी. तेव्हा आतली बाई ती स्वतःच असायची. वर्षाला पाच-सहा हजार माणसं. तिला एकही चेहरा आठवत नव्हता. ती थांबून राहिली होती ते दमली होती म्हणून, हे म्हातारीला सांगण्यात अर्थ नव्हता. आणि कदाचित ते पूर्ण खरंही नव्हतं. ती भिंतीला डोकं टेकून बसली. दिवा जळत होता. अर्धा तास झाला असेल, पाऊण तास.

मग दिवा विझला आणि दार उघडलं. नवरा बाहेर आला, केस हेडफोनने विस्कटलेले. कानांत अजून ती शांतता असणार. काचेच्या खोलीतून बाहेर येणारं प्रत्येक माणूस दारात क्षणभर उभं राहतं आणि बाकावर आपलं कोण आहे ते शोधतं. आतून तिला हे कधी दिसलं नव्हतं. त्याची नजर म्हातारीवरून गेली, एका लहान मुलावरून गेली, तिच्यावरूनही एकदा पुढे निघून गेली.

ती उठून उभी राहिली.